मेणबत्ती, वात आणि काजळी

मेणबत्तीचा पिवळा उजेड म्हणजे खरं तर तापून चमकणारी काजळी. विचित्र वाटतं ना? मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पोराटोरांसमोर हे करून दाखवलं. सहा व्याख्यानं, आणि विषय काय, तर मेणबत्ती! हायड्रोजनची ज्योत भयंकर तापते पण उजेड जवळजवळ नाही, कारण तिच्यात चमकायला घन कणच नसतात. मेणाच्या ज्योतीत कार्बनचे कण तयार होतात, चमकतात आणि कडेला हवा मिळाली की जळून जातात. जळण्याआधी निसटले तर छत काळं. (ज्योतीवर ताटली धरून काजळ पाडणाऱ्या आपल्या आज्या हे कण जळायच्या आतच पकडायच्या!)

फॅरेडेच्या आधी बराच काळ साध्या घरातली मेणबत्ती जनावरांच्या चरबीची असे. वात सरळ उभी, टोक ज्योतीच्या पोटात. तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे वात जळत नाही, नुसती वाढते. वाढली की जास्त चरबी ओढते आणि धूर सोडते. म्हणून दर थोड्या वेळाने कात्रीने काजळी छाटत बसायचं. त्या कात्रीला तुकडा पडायला छोटी डबीही असायची.

फ्रान्समध्ये शेव्रलने चरबीतून ग्लिसरीन वेगळं काढलं. जळक्या चरबीचा तो उग्र वास मुख्यतः त्याचाच. १८२५ मध्ये त्याने गे-ल्युसॅकबरोबर स्टिअरिनच्या मेणबत्तीचं पेटंट घेतलं. पण मला विचाराल तर खरी कमाल वेणीसारख्या विणलेल्या वातीची. ती जळता जळता वाकते, टोक ज्योतीबाहेर येतं आणि आपोआप जळून जातं. कात्रीची सुट्टी! एकही हलता भाग नाही, सगळं डिझाइन विणीत.

अर्थात काजळी दिसली नाही म्हणजे हवा स्वच्छ, असं नाही. लंडनच्या अथेनियम क्लबात गॅसदिव्यांच्या धुराने ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या बांधण्या खराब होत होत्या. तेव्हा, १८४० च्या दशकात, याच फॅरेडेने दिव्यातले वायू नळीने थेट बाहेर नेण्याची सोय काढली. दीपगृहांतही त्याने तेच केलं, कारण तिथे काचांवर वाफ धरायची.

आपण हल्ली काचेच्या बरणीतली सुगंधी मेणबत्ती लावतो आणि वर पंखा सोडतो. ज्योत फडफडली की कण जळण्याआधीच निसटतात, आणि बरणीच्या काठाला काळी कड येते. यातले बरेचसे कण इतके बारीक असतात की ते थेट फुफ्फुसात खोलवर जातात. वात अर्धा सेंटिमीटर ठेवून, वारा नसलेल्या जागी लावली तर फरक लगेच दिसतो. आणि फुंकर मारल्यावर निघतो तो पांढरा धूर मुख्यतः न जळलेल्या मेणाची वाफ. फॅरेडे त्यालाच काडी लावून मेणबत्ती परत पेटवायचा.