गुंतागुंत कुठे असते: वस्तूत की सांगण्यात?

दिवाळी अंकात गणित दिसलं की बरेच वाचक पान उलटतात. पण या लेखाला लागणारं गणित चकलीच्या कृतीपेक्षा अवघड नाही. प्रश्न असा, की एखादी गोष्ट फार गुंतागुंतीची आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ती गुंतागुंत वजनासारखी मोजता येते का? की ती सांगणाऱ्यावर अवलंबून असते?

आपल्या पंचांगात "मंगळ वक्री" असं लिहिलेलं असतं. सुमारे 26 महिन्यांतून एकदा मंगळ काही काळ आकाशात उलटा चालताना दिसतो. ते समजावण्यासाठी इ. स. 150 च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने वर्तुळावर फिरणारी वर्तुळं वापरली. 1543 मध्ये कोपर्निकसने सूर्य मध्यभागी आणला आणि वक्री चालीचं कोडं सुटलं: पृथ्वी मंगळाला मागे टाकते, म्हणून तो मागे सरकल्यासारखा दिसतो. तरी बारीक हिशोब जुळवायला लहान वर्तुळं त्यालाही लागलीच. ती गेली 1609 मध्ये, केप्लरने मंगळाला लंबवर्तुळाची कक्षा दिली तेव्हा. आता गंमत बघा, मंगळ तोच, त्याची चालही तीच. बदललं ते फक्त वर्णन.

मग भाषा बदलली तर? 1908 मध्ये बर्ट्रांड रसेल यांनी एक कोडं छापलं. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातल्या जी. जी. बेरी यांनी ते सुचवलं होतं. इंग्रजीत जिचं नाव उच्चाराच्या 19 पेक्षा कमी तुकड्यांत सांगता येत नाही, अशी सर्वांत लहान संख्या कोणती? उत्तर 111777. पण इंग्रजीतला तो प्रश्नच 18 तुकड्यांत बसतो, म्हणजे संख्या 18 मध्ये सांगून झाली! हे कोडं पुढे फार मोठ्या कामाला आलं. मला मात्र दुसरीच मजा वाटते. तीच संख्या मराठीत म्हणा: एक, लाख, अक-रा, ह-जार, सात-शे, सत्-त्या-हत्-तर. झाले फक्त 12. इंग्रजीतली ही "लांब" संख्या मराठीत तेवढी लांब राहिलीच नाही.

तेव्हा मोजमाप अशक्यच, असं वाटेल. पण 1960 च्या दशकात तिघांनी स्वतंत्रपणे एकच वाट शोधली. पहिले रे सोलोमनॉफ, इथेच आमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचे. त्यांचा अहवाल 1960 चा, सविस्तर लेख 1964 चे. दुसरे मॉस्कोचे थोर गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव्ह, 1965. तिसरा न्यूयॉर्कमधला विशीही न गाठलेला विद्यार्थी, ग्रेगरी चैटिन; त्याचा लेख 1966 चा. सोलोमनॉफ यांचं काम आधीचं, हे कोल्मोगोरोव्ह यांनी पुढे मान्य केलं, पण मापाला नाव कोल्मोगोरोव्ह यांचंच चिकटलं. मोठ्या नावाकडेच श्रेय जातं म्हणतात ते असं.

कल्पना साधी आहे. एखादी आकड्यांची माळ संगणकाकडून छापून घ्यायला लागणारा सर्वांत छोटा प्रोग्रॅम किती लांबीचा, ती त्या माळेची गुंतागुंत. "पाय"चे दहा लाख अंक कसेही उधळल्यासारखे दिसतात, पण ते काढणारा प्रोग्रॅम छोटासा असतो. नाणं दहा लाख वेळा उडवून मिळालेली छापा-काट्याची माळ मात्र जवळजवळ जशीच्या तशीच लिहून द्यावी लागते.

पण प्रोग्रॅम कोणत्या भाषेतला? इथे चकली मदतीला येते. आईने फोनवर कृती सांगितली तर ती तीन ओळींची: भाजणी घे, मोहन घाल, सोऱ्याने पाड. शेजारच्या अमेरिकन बाईंना सांगायची तर पानभर लिहावं लागतं, कारण भाजणी, मोहन आणि सोऱ्या आधी समजवायला हवेत. पण एकदा ते समजलं, की कडबोळ्यांच्या वेळी तो खर्च पुन्हा नाही. तिघांच्या कामातलं मर्म हेच आहे. दोन भाषांतला फरक फार तर एका दुभाष्याच्या लांबीएवढा असतो आणि दुभाष्या ठरलेला असतो. वस्तू कितीही मोठी झाली तरी तो वाढत नाही. म्हणून लांबलचक गोष्टींची गुंतागुंत बऱ्याच अंशी त्यांची स्वतःची, तर छोट्या गोष्टींची बहुतेक सांगणाऱ्याची.

पण यात एक मेख आहे. हे माप अचूक काढणारा प्रोग्रॅम कधीच लिहिता येत नाही. समजा तो मिळाला. मग त्याला सांगू, की एकेक माळ तपास आणि जिची गुंतागुंत दहा लाखांच्या वर आहे अशी पहिली माळ छाप. ही आज्ञा प्रोग्रॅमसकट दहा लाखांच्या आतच बसते, म्हणजे ती माळ छोट्या प्रोग्रॅमने निघाली! बेरींचंच कोडं. चैटिन यांनी 1970 च्या दशकात पुढचंही दाखवलं: गणिताची कोणतीही नियमावली घ्या, एका मर्यादेपलीकडे अमुक माळ गुंतागुंतीची आहे हे तिच्यातून सिद्धच करता येत नाही. सोपी आहे हे मात्र दाखवता येतं. छोटं वर्णन समोर ठेवलं की झालं.

म्हणून मला वाटतं, गुंतागुंत मोजता येते, पण एकाच बाजूने. "हे अवघडच आहे" या वाक्याचा खरा अर्थ बहुतेक वेळा "छोटं वर्णन अजून सापडलेलं नाही" एवढाच असतो. आपल्या मराठी शाळेतली मुलं एकोणसाठ, सत्त्याहत्तर, एकोणऐंशी पाठ करताना वैतागतात आणि "मराठी फार कॉम्प्लिकेटेड आहे" म्हणतात. त्यांचा वैताग खरा आहे. इंग्रजी आकडे नियमाने बनतात, आपले शंभर बहुतेक पाठच करावे लागतात. पण तो दुभाष्याचा खर्च आहे, आणि तो एकदाच करायचा असतो. पाढे, हिशोब, आजीशी गप्पा, सगळं त्यानंतर त्याच भांडवलावर चालतं. भाषा अवघड आहे असा निकाल मुलांनी घाईने देऊ नये, आणि आपणही त्याला मान डोलावू नये.