जुनी टेस्टिंगची पुस्तके रद्दीत घालावीत काय?

#धागा

१/ माझा एक बालमित्र शेवगाव तालुक्यातला. सध्या पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचा अभ्यासक्रम करतो आहे. मध्यंतरी त्याने अप्पा बळवंत चौकातून एक जुने इंग्रजी पुस्तक आणले आणि मला म्हणाला, "तू जुन्या कागदांत रमणारा माणूस. सांग, आपल्या जन्माच्या कितीतरी आधीचे हे पुस्तक वाचावे, की रद्दीत घालावे?" त्याचे उत्तर देता देता हा धागा तयार झाला.

२/ पुस्तक होते ग्लेनफर्ड मायर्स यांचे 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग', प्रकाशनवर्ष १९७९. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुने साधन हाती आले की तो ते खरे की खोटे एवढेच विचारून थांबत नाही. ते कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले, कोणासाठी, आणि त्यातले काय त्या परिस्थितीबरोबर संपले, हेही विचारतो. याही पुस्तकाला तेच प्रश्न विचारू.

३/ आधी परिस्थिती. त्या काळी संगणक दुर्मीळ आणि त्याचा वेळ महाग. आपल्याकडचे उदाहरण घ्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा स्वदेशी संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. देशभरातील संशोधक त्यावर अवलंबून होते. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची. एक चूक निघाली की पुन्हा रांग.

४/ अशा टंचाईत माणूस यंत्राकडे जाण्याआधी कागदावर विचार करतो. मायर्स यांच्या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण संगणक न चालवता करायच्या तपासणीवर आहे: चारजणांनी एकत्र बसून प्रोग्रामची ओळ न् ओळ वाचायची. हा आग्रह टंचाईतून आला, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचाच संबंध येणार आहे.

५/ पुस्तकाच्या आरंभी एक परीक्षा आहे. एक प्रोग्राम तीन पूर्णांक घेतो, त्यांना त्रिकोणाच्या बाजू मानतो आणि त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगतो. याच्या चाचण्या लिहा! मायर्स मग १४ प्रश्न विचारून गुण देतात. शून्य बाजू तपासली का? ऋण संख्या? दोन बाजूंची बेरीज तिसरीइतकीच असेल तर? त्यांच्या अनुभवानुसार कसलेल्या प्रोग्रामरांनाही १४ पैकी सरासरी ७.८ गुणच पडत.

६/ मित्राला म्हटले, त्रिकोण राहू दे, आपण सातबारा घेऊ. समजा, एक प्रोग्राम एकर-गुंठ्यातले क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये बदलतो आणि खातेदारांमध्ये वाटतो. चाचण्या लिही. त्याने चार लिहिल्या. मग आम्ही मायर्स यांच्या पद्धतीने एकेक शंका काढत बसलो.

७/ ० गुंठे, ३९ गुंठे, ४० गुंठे. ४० झाले की एक एकर व्हायला हवा. प्रोग्राम '० एकर ४० गुंठे' असे तर ठेवत नाही ना? गावात बोलताना आपण गुंठा म्हणजेच आर धरतो. पण गुंठा सुमारे १०१.१७ चौ.मी. आणि आर १०० चौ.मी. कुणी दोन्ही एकच धरले, तर एकरामागे जवळजवळ ४७ चौ.मी. जमीन कागदावरून नाहीशी होते. म्हणजे सुमारे अर्धा गुंठा!

८/ आता वाटणी. १ हेक्टर, तीन भाऊ. प्रत्येकी ३३ आर ३३ चौ.मी. तिघांची बेरीज ९,९९९ चौ.मी. उरलेला एक चौरस मीटर कोणाचा? आणि पोटखराबा धरून एकूण क्षेत्र जुळते का? मायर्स यांनी सातबारा पाहिला नव्हता. तरी हे प्रश्न विचारायची सवय त्यांच्याच पुस्तकातली आहे: सीमेवर तपासा, सीमेच्या अलीकडे-पलीकडे तपासा, आणि चालू नये ते खरेच चालत नाही ना, तेही तपासा.

९/ हे खेळातले गणित नाही. अधिकार अभिलेखातली लेखनचूक दुरुस्त करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली अर्ज करावा लागतो. मग हेलपाटे आणि बुडालेली मजुरी. मोजमापाच्या एककांचा घोळ मोठ्यांनाही चुकलेला नाही. १९९९ मध्ये नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' यान गमावले गेले, कारण एका सॉफ्टवेअरचे आकडे ब्रिटिश एककांत होते आणि दुसरे ते मेट्रिक समजत होते.

१०/ मग या पुस्तकांतले कालबाह्य काय? पुष्कळ. आधी सगळा प्रोग्राम लिहायचा आणि शेवटी चाचणीचा टप्पा, ही चौकट आज अनेक ठिकाणी मोडली आहे. चाचण्या प्रोग्रामबरोबर, कधी त्याच्याही आधी लिहिल्या जातात. १९८३ च्या आयईईई ८२९ मानकाने चाचणीच्या दस्तऐवजांचे साचे ठरवून दिले होते; २०१३ पासून त्याची जागा २९११९ या नव्या मानकमालिकेने घेतली. मोबाइलचा तर १९७९ च्या पुस्तकात प्रश्नच नाही.

११/ देवनागरीही नाही. 'श्रीगोंदा' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो: श्री, गों, दा. युनिकोडमध्ये तो नऊ चिन्हांचा आहे: श, हलन्त, र, दीर्घ ईकार, ग, ओकार, अनुस्वार, द आणि काना. एखाद्या रकान्याची मर्यादा आठ चिन्हांची असेल, तर शेवटचा काना गळून तालुक्याचे 'श्रीगोंद' होईल. जुन्या पुस्तकात हे उदाहरण मिळणार नाही. ते पकडायची रीत मात्र तीच: मर्यादेवर आणि मर्यादेच्या एक पाऊल पुढे तपासा.

१२/ नगरकरांना हा भेद समजावून सांगायला नको. वाहन संशोधन व विकास आस्थापना, म्हणजे आपली व्हीआरडीई, आपल्याच शहरालगत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ मध्ये वाहनचाचणी करणाऱ्या संस्थांत तिचे नाव आहे. विजेवर चालणारी गाडी चाचणीला आली, तर तिच्या धुराची चाचणी निरर्थक ठरते. ब्रेकची आणि चढाची ठरत नाही.

१३/ आता अवघड आक्षेप. मायर्स म्हणतात, अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवल्याशिवाय चाचणी पुरी होत नाही. पण आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला एकच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तराचे शब्द बदलतात. मग अपेक्षित उत्तर कोणते लिहायचे? येथे १९७९ चे पुस्तक अपुरे पडते, हे मान्य करायला हवे.

१४/ गंमत अशी की, ही अडचणही जुनीच आहे. ज्या प्रोग्रामचे बरोबर उत्तर आधी सांगता येत नाही त्यांची चाचणी कशी करावी, यावर एलेन वेयुकर यांनी १९८२ मध्येच लेख लिहिला. १९९८ मध्ये टी. वाय. चेन आणि सहकाऱ्यांनी एक वाट सुचवली: एकेक उत्तर तपासता येत नसेल, तर उत्तरांमधले नाते तपासा.

१५/ ते आपल्या जिल्ह्याला लावून पाहा. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. 'अहमदनगर जिल्ह्यात किती तालुके?' आणि 'अहिल्यानगर जिल्ह्यात किती तालुके?' या दोन प्रश्नांच्या उत्तरांतले शब्द भिन्न असोत, आकडा एकच यायला हवा. भिन्न आला, तर बरोबर आकडा कोणता ते ठाऊक नसतानाही बग सापडला.

१६/ एक इशारा जुन्या ग्रंथकारांनीच देऊन ठेवला आहे. बोरिस बायझर यांनी चाचण्यांची तुलना कीटकनाशकाशी केली: तेच औषध पुन्हा पुन्हा मारले की त्याला दाद न देणारी कीड मागे उरते. शेंदरी बोंडअळी बीटी कपाशीलाही जुमानेनाशी झाली, हे शेवगावच्या पोराला वेगळे सांगायला नको. तेव्हा मायर्स यांचे १४ प्रश्न पाठ करून भागणार नाही. पंधरावा स्वतः काढावा लागेल.

१७/ माझे उत्तर असे. साधनांची माहिती ताज्या कागदपत्रांतून घे. जुन्या पुस्तकातली दस्तऐवजांची आणि टप्प्यांची प्रकरणे चाळून सोड. पण चाचणी कशी सुचते, माणूस स्वतःची चूक का पाहू शकत नाही, आणि यंत्र न लावता कसे तपासावे, ही प्रकरणे सावकाश वाच. यंत्राचा वेळ महाग होता म्हणून त्या लोकांना प्रत्येक चाचणी निवडून घ्यावी लागली. आज रात्रीतून हजारो चाचण्या चालतात आणि सकाळी सगळीकडे हिरवे दिसते. कोणती चाचणी लिहिलीच गेली नाही, हे तो हिरवा रंग सांगत नाही.

१८/ पुस्तक रद्दीत गेले नाही. परवा मित्राचा फोन आला. घरच्या सातबाऱ्यावरच्या खातेदारांची क्षेत्रे त्याने वहीत मांडून बेरीज केली होती. चार चाचण्यांच्या एकोणीस झाल्या आहेत, म्हणाला, आणि त्या उरलेल्या एका चौरस मीटरचे काय करायचे, ते अजून ठरत नाही.

तुमच्यापैकी जे टेस्टिंगमध्ये आहेत, त्यांनी जरूर लिहावे: कोणते जुने पुस्तक आजही तुमच्या टेबलावर आहे, आणि त्यातली कोणती पाने तुम्ही आता उलटत नाही?

(समाप्त)