वस्तुकेंद्री आज्ञावलीलेखन : नवशिक्यांच्या अडचणी व त्यांचा इतिहास

संगणकाची आज्ञावली लिहिताना माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया यांची सांगड घालून स्वतंत्र एकके बनवावयाची व अशा एककांच्या परस्परव्यवहारातून अपेक्षित कार्य घडवून आणावयाचे, या पद्धतीस वस्तुकेंद्री आज्ञावलीलेखन म्हणतात. इंग्रजीत ती ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग या नावाने ओळखली जाते. अशा प्रत्येक एककाला वस्तू व एकाच प्रकारच्या वस्तूंच्या सामाईक आराखड्याला वर्ग अशी संज्ञा आहे. उदा., बँकेच्या आज्ञावलीत ‘बचत खाते’ हा वर्ग होय. एखाद्या खातेदाराचे विशिष्ट शिल्लक रक्कम असलेले खाते ही त्या वर्गातील वस्तू होय. रक्कम भरणे, रक्कम काढणे यांसारख्या वर्गात नमूद केलेल्या क्रियांना कृती म्हणतात.

ही पद्धती नव्याने शिकणाऱ्यांच्या अडचणी देशोदेशी जवळजवळ सारख्याच आढळतात. वर्ग व वस्तू यांची गल्लत, दोन चलांत एकच वस्तू असल्याचे न उमगणे, कोणत्याही वस्तूचा निर्देश न करणाऱ्या चलामुळे आज्ञावली बंद पडणे, वारशाचा अतिरेकी वापर व सर्व काम एकाच वर्गावर लादणे, या त्यांपैकी प्रमुख होत. त्यांचे खापर विद्यार्थ्याच्या आकलनशक्तीवर फोडले जाते आणि त्यामुळे अनेक जण हा विषय आपल्यासाठी नाही असे समजून तो सोडून देतात. तथापि या अडचणींचा इतिहास पाहिला असता, बहुतेकींचे मूळ भाषाकारांनी घेतलेल्या एखाद्या निर्णयात सापडते, असे दिसून येते. तो निर्णय समजला की अडचणीचे निराकरणही सुलभ होते.

उगम व प्रसार : या पद्धतीचा उगम नॉर्वेमध्ये झाला. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात क्रिस्टन न्यूगोर (१९२६–२००२) व ओले-योहान डाल (१९३१–२००२) यांनी १९६२ पासून सिम्युला ही भाषा विकसित केली. प्रत्यक्ष जगातील रांगा, वाहतूक, कारखान्यातील कामाचा ओघ इत्यादींचे संगणकावर अनुरूपण करणे, हा तिचा मूळ हेतू होता. १९६७ मधील सिम्युला ६७ या सुधारित भाषेत वर्ग, वस्तू व वारसा या तिन्ही कल्पना प्रथमच एकत्र आल्या. या कार्यासाठी दोघांना २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग व त्यांचे सहकारी यांनी १९७२ पासून स्मॉलटॉक ही भाषा घडविली. तिच्या आरंभीच्या आवृत्त्या शाळकरी मुलांना शिकवून पाहण्यात आल्या. केंब्रिज येथे सिम्युला वापरलेले डॅनिश संगणकशास्त्रज्ञ बिआर्ने स्ट्रूस्ट्रप यांनी बेल प्रयोगशाळेत १९७९ मध्ये सी या भाषेला वर्गांची जोड देण्यास आरंभ केला. त्यातून झालेल्या भाषेला १९८३ मध्ये सी++ हे नाव मिळाले. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा ही भाषा १९९५ मध्ये जाहीर केली.

यांपैकी सी++ व जावा या भाषा व्यावसायिकांसाठी तयार झाल्या होत्या. परंतु उद्योगांत त्यांना मागणी येताच त्या प्राथमिक अभ्यासक्रमांतही शिरल्या. अमेरिकेत कॉलेज बोर्डाच्या संगणकशास्त्र परीक्षेत १९८४ पासून पास्कल ही शिक्षणासाठीच रचलेली भाषा होती. तिच्या जागी १९९९ मध्ये सी++ व २००४ मध्ये जावा आली. महाराष्ट्रातही बारावीच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात अनेक वर्षे सी++ शिकविली गेली. तज्ञांसाठी घडविलेली हत्यारे अशा रीतीने नवशिक्यांच्या हाती आली.

वर्ग आणि वस्तू : वर्ग व वस्तू यांतील भेद हा सामान्यनाम व विशेषनाम यांतील भेदासारखा आहे. ‘नदी’ म्हटल्याने कोणताही विशिष्ट प्रवाह दाखविला जात नाही. ‘गोदावरी’ म्हटल्याने तो दाखविला जातो. न्यायशास्त्रातील जाती व व्यक्ती या संकल्पनांतही याच भेदाचा विचार आढळतो. असे असूनही नवशिका वर्गालाच वस्तू समजून तिच्यावर कृती करू पाहतो. आरंभीच्या सिम्युलात या दोहोंना अनुक्रमे ‘ॲक्टिव्हिटी’ व ‘प्रोसेस’ अशी सर्वस्वी भिन्न नावे होती. पुढे स्मॉलटॉक-८० मध्ये वर्ग हीसुद्धा एक वस्तूच मानण्यात आली. त्यामुळे वर्गाचाही वर्ग कल्पावा लागला. तर्कदृष्ट्या ही रचना सुसंगत असली, तरी ती शिकणाऱ्यांना जड जाते असे दिसून आले. ॲलन बोर्निंग व टिम ओशे यांनी १९८७ मध्ये ‘डेल्टाटॉक’ हा सुलभीकरणाचा प्रस्ताव मांडताना वर्गांचे वर्ग काढून टाकण्याचेच सुचविले.

ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीतील सायमन हॉलंड, रॉबर्ट ग्रिफिथ्स व मार्क वुडमन यांनी १९९७ मध्ये या गोंधळाचे एक कारण अध्यापनाच्या उदाहरणांतच असल्याचे दाखवून दिले. उदाहरणात प्रत्येक वर्गाची एकच वस्तू निर्माण केली असेल, तर विद्यार्थ्याला दोहोंत भेद करण्याचे कारणच उरत नाही. म्हणून प्रत्येक वर्गाच्या किमान दोन वस्तू दाखवाव्यात, हा त्यांचा उपाय साधा पण परिणामकारक आहे. दोन खाती निर्माण करून एकात रक्कम भरली व दुसऱ्यातील शिल्लक तशीच राहिली, की भेद आपोआप स्पष्ट होतो. याच सुमारास मिखाएल कोलिंग व त्यांचे सहकारी यांनी अध्यापनासाठी ब्लूजे ही प्रणाली तयार केली (१९९९). तीत वर्ग आकृतीच्या रूपाने पडद्यावर दिसतात, त्यांपासून निर्माण केलेल्या वस्तू खाली वेगळ्या मांडल्या जातात व प्रत्येक वस्तूवर स्वतंत्रपणे कृती करून पाहता येते.

निर्देश आणि मूल्य : जावामध्ये एका चलाचे मूल्य दुसऱ्या चलाला दिले, तर संख्येच्या बाबतीत नवी प्रत तयार होते, वस्तूच्या बाबतीत मात्र केवळ तिचा निर्देश दिला जातो. दोन पोस्टकार्डांवर एकच पत्ता लिहिला म्हणून घरे दोन होत नाहीत. घराला रंग दिला, तर कोणत्याही कार्डावरील पत्त्याने गेले तरी रंगविलेलेच घर आढळते. त्याप्रमाणे एका चलाद्वारे वस्तूत केलेला बदल दुसऱ्या चलाद्वारेही दिसतो. नवशिक्याला हा बदल ‘आपोआप’ झाल्यासारखा वाटतो. सी++ मध्ये याउलट साध्या नेमणुकीने वस्तूची प्रत बनते. कारण सी या भाषेतील मूल्ये उतरवून घेण्याची रीत स्ट्रूस्ट्रप यांनी कायम ठेवली. त्यामुळे एका भाषेत लागलेली सवय दुसऱ्या भाषेत दिशाभूल करते.

सिम्युलात ही अडचण ओळखून तिच्यासाठी स्वतंत्र चिन्हे योजिली होती. मूल्य देण्यासाठी ‘:=’ व निर्देश देण्यासाठी ‘:-’, तसेच मूल्यांच्या तुलनेसाठी ‘=’ व निर्देशांच्या तुलनेसाठी ‘==’ अशी विभागणी होती. कोणती क्रिया चालली आहे, हे त्यामुळे वाचताक्षणीच कळत असे. जावासारख्या भाषांनी दोन्ही क्रियांसाठी एकच चिन्ह ठेवले. लेखन आटोपशीर झाले. पण भेद डोळ्यांआड गेला. जावात दोन शब्द समान आहेत की नाहीत हे ‘==’ या चिन्हाने पाहण्याची प्रसिद्ध चूक यातूनच उद्‌भवते. ते चिन्ह अक्षरांची नव्हे, तर निर्देशांची तुलना करते. आज्ञावलीत प्रत्यक्ष लिहिलेल्या समान शब्दांची एकच वस्तू ठेवण्याची जावाची व्यवस्था असल्याने काही वेळा उत्तर योगायोगाने बरोबर येते व चूक दीर्घकाळ लपून राहते. आशयाची तुलना करण्यासाठी ‘ईक्वल्स’ ही कृतीच वापरली पाहिजे. शंका आल्यास कागदावर वस्तूंसाठी चौकटी व निर्देशांसाठी बाण काढावेत. बहुतेक प्रश्न तेथेच सुटतात.

रिक्त निर्देश : पाकिटावर पत्ताच नसेल, तर पत्र पोहोचविणे अशक्य होते. कोणत्याही वस्तूचा निर्देश न करणाऱ्या चलावर कृती करू पाहिल्यास आज्ञावलीची गत तशीच होते. अशा निर्देशाला ‘नल’ म्हणतात. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेची रचना करताना, अंमलबजावणीस सोपा म्हणून त्याचा अंतर्भाव केला. २००९ मध्ये लंडन येथील परिषदेत त्यांनी स्वतःच या निर्णयाची संभावना एक अब्ज डॉलरची चूक अशी केली. ज्या त्रुटीने जगभरच्या व्यवसायातील आज्ञावल्या कोलमडतात, तिच्यापुढे नवशिका अडखळला तर त्यात नवल नाही.

हे दूर करण्याचा पहिला उपाय म्हणजे वस्तू निर्माण होतानाच तिच्या सर्व घटकांना योग्य आरंभमूल्ये देणे. दुसरा उपाय म्हणजे त्रुटीचा संदेश शांतपणे वाचून कोणत्या ओळीत कोणता निर्देश रिक्त होता, हे शोधणे. जावाच्या जुन्या संदेशात फक्त ओळीचा क्रमांक असे. २०२० पासून नेमका कोणता निर्देश रिक्त होता तेही सांगण्याची सोय झाली. कोटलिन या भाषेने आरंभापासून व सी शार्प या भाषेने २०१९ पासून, चल रिक्त असू शकते की नाही हे आधीच नमूद करण्याची व्यवस्था केली. त्यामुळे बरेच दोष आज्ञावली चालविण्यापूर्वीच उघडकीस येतात.

वारसा : एका वर्गाचे गुणधर्म दुसऱ्या वर्गाला मिळण्याच्या व्यवस्थेस वारसा म्हणतात. डाल व न्यूगोर यांना ही कल्पना पथकर नाक्यापाशी लागलेल्या वाहनांच्या रांगेचे अनुरूपण करताना सुचली. मालमोटारी व बसगाड्या भिन्न असल्या, तरी रांगेत उभे राहण्यापुरत्या त्या केवळ वाहने होत्या. नवशिक्यांना मात्र वारसा म्हणजे आयते लेखन मिळविण्याचा मार्ग वाटतो. मग मोटारीला इंजिन लागते म्हणून मोटारीचा वर्ग इंजिनाच्या वर्गापासून काढला जातो. ‘मोटार हे वाहन आहे’ हे विधान खरे आहे. ‘मोटार हे इंजिन आहे’ हे खरे नाही. जेथे ‘आहे’ हे क्रियापद शोभत नाही, तेथे वारसा नको. मोटारीच्या वस्तूत इंजिनाची वस्तू घटक म्हणून ठेवावी.

‘आहे’ची ही कसोटीही पुरेशी नाही. भूमितीत चौरस हा आयत आहे. पण आयताची लांबी व रुंदी स्वतंत्रपणे बदलता येत असेल, तर चौरसाला ते वचन पाळता येत नाही. बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ मध्ये यासंबंधीचे तत्त्व मांडले व १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासह त्याला काटेकोर रूप दिले. मूळ वर्गाच्या वस्तूच्या जागी उपवर्गाची वस्तू ठेवली असता आज्ञावलीच्या अपेक्षांना बाध येता कामा नये, असा त्याचा आशय आहे. ही चूक तज्ञांच्याही हातून घडते. चळतीत शेवटी ठेवलेली चीजच प्रथम उचलावयाची असते. परंतु जावाच्या पहिल्याच आवृत्तीतील ‘स्टॅक’ हा वर्ग ‘व्हेक्टर’ या वर्गापासून काढल्यामुळे चळतीच्या मध्येही चीज घुसविता येते. जुन्या आज्ञावल्या चालू राहाव्यात म्हणून तो वर्ग तसाच राहिला आहे.

जबाबदाऱ्यांची वाटणी : सर्व लेखन एकाच अवाढव्य वर्गात करणे व बाकीचे वर्ग केवळ माहितीची गाठोडी म्हणून ठेवणे, हा आणखी एक सार्वत्रिक दोष. केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये त्यावर कागदी पत्त्यांचा उपाय प्रसिद्ध केला. प्रत्येक पत्त्यावर एका वर्गाचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या व त्याचे सहकारी वर्ग लिहावयाचे. मग पत्ते हाती घेऊन एखादा प्रसंग बोलून दाखवावयाचा. ज्या पत्त्यावर जबाबदाऱ्या मावेनाशा होतात, तो वर्ग विभागावा. संगणकाला हात न लावता करावयाचा हा अभ्यास अद्यापही उपयुक्त आहे.

प्रारंभीचे अवडंबर : जावात पडद्यावर एक ओळ छापण्यासाठीसुद्धा वर्ग, ‘पब्लिक’, ‘स्टॅटिक’, ‘व्हॉइड’ व ‘मेन’ एवढा पसारा लिहावा लागे. त्यांचा अर्थ पहिल्या दिवशी सांगता येत नसल्याने तो मंत्रासारखा पाठ करविला जाई. पुढे ‘मेन’मधून थेट एखादी साधी कृती बोलाविली, की कंपायलर हरकत घेतो, कारण ‘स्टॅटिक’ कृती वर्गाची असते, तिच्यामागे कोणतीही विशिष्ट वस्तू नसते. अशा वेळी सर्वच कृतींना ‘स्टॅटिक’ लावून हरकत मिटविणे म्हणजे वस्तुकेंद्री पद्धतीलाच रजा देणे होय. त्याऐवजी ‘मेन’मध्ये प्रथम वस्तू निर्माण करून तिच्याकरवी कृती घडवावी. २०२५ मधील जावाच्या २५व्या आवृत्तीत हे अवडंबर नवशिक्यांसाठी ऐच्छिक करण्यात आले. म्हणजे सुमारे तीस वर्षे विद्यार्थ्यांनी भाषेशी जुळवून घेतल्यानंतर भाषा विद्यार्थ्यांशी जुळवून घेऊ लागली.

समालोचन : वरील अडचणींपैकी बहुतेकींवर भाषाकार व अध्यापक यांनाच कालांतराने दुरुस्त्या कराव्या लागल्या, ही गोष्ट महत्त्वाची आहे. नवशिक्याच्या चुका ही या दृष्टीने भाषेच्या रचनेची कसोटीच ठरली. शिकविणाऱ्याने प्रत्येक चुकीमागील निर्णय उलगडून दाखविला, तर चूक लाजिरवाणी न राहता समजुतीचे साधन बनते. दोन वस्तू निर्माण करून पाहणे, बाणांची आकृती काढणे, त्रुटीचा संदेश संपूर्ण वाचणे व वर्गाच्या जबाबदाऱ्या मोठ्याने बोलून दाखविणे, या चार सवयींना महागडे यंत्र वा विशेष बुद्धी लागत नाही. त्या कोणत्याही वर्गखोलीत लावता येतात.