विमानतळांवरील पक्षिनियंत्रणासाठी ड्रोनचा वापर

विमानतळाच्या परिसरातील पक्षी धावपट्टीपासून व विमानांच्या मार्गापासून दूर नेण्यासाठी ड्रोन म्हणजेच मानवरहित लघुविमान वापरण्याची पद्धत अलीकडच्या काळात विकसित झाली आहे. विमानाला पक्षी धडकण्याच्या घटनेस पक्षिधडक असे म्हणतात. बहुतेक पक्षिधडका उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या वेळी, कमी उंचीवर होतात.

पार्श्वभूमी

४ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे उड्डाण करताच एका प्रवासी विमानाच्या इंजिनांत साळुंकीच्या कुळातील स्टारलिंग पक्ष्यांचा थवा शिरला आणि ६२ जणांचा मृत्यू झाला. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कॅनडा गूज जातीच्या कलहंसांच्या धडकेने दोन्ही इंजिने निकामी झालेले विमान वैमानिकाने हडसन नदीत उतरवले. त्यातील सर्व १५५ जण वाचले.

पक्षी हुसकावण्यासाठी विमानतळांवर फटाके, वायूच्या तोफा, ध्वनिमुद्रित भयसूचक हाका आणि शिकवलेले ससाणे वापरले जातात. आवाजांना पक्षी लवकरच सरावतात. बुजगावण्याच्या डोक्यावर निवांत बसलेला कावळा ज्याने पाहिला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको. जिवंत ससाणा परिणामकारक असला तरी तो थकतो, आणि त्याला सांभाळण्यास जाणकार माणूस लागतो.

यांत्रिक ससाणा

नेदरलँड्समध्ये तयार झालेला ‘रोबर्ड’ हा ड्रोन बहिरी ससाण्यासारखा दिसतो व पंख फडफडवत उडतो. शिकारी पक्ष्याची आकृती आणि उडण्याची ढब पाहून इतर पक्षी पळ काढतात. २०१७ मध्ये कॅनडातील एडमंटन आंतरराष्ट्रीय विमानतळावर त्याचा वापर सुरू झाला.

थवा वळवण्याचे गणित

पक्ष्यांना केवळ घाबरवणे पुरेसे नसते, किंबहुना ते घातकही ठरू शकते. फुटलेला थवा चारही दिशांना उधळला तर त्यातील काही पक्षी नेमके धावपट्टीवर येतात. आदित्य परांजपे, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे सून-जो चुंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा रोख याच अडचणीकडे होता. त्यांनी ड्रोनला धनगराच्या कुत्र्याचे काम दिले. थव्याच्या कडेचे पक्षी ड्रोनला बिचकून वळतात आणि त्यांचे पाहून शेजारचे वळतात. ड्रोन फार जवळ गेला तर थवा फुटतो. फार दूर राहिला तर थवा दाद देत नाही. म्हणून ड्रोनने क्षणोक्षणी कोठे असावे, हे संगणकीय रीतीने ठरवले जाते. दक्षिण कोरियातील चाचण्यांत एकाच ड्रोनने डझनावारी पक्ष्यांचा थवा ठरावीक हवाई क्षेत्राबाहेर ठेवला.

मर्यादा

ही रीत एकत्र उडणाऱ्या पक्ष्यांना लागू पडते. उष्ण हवेच्या झोतावर एकेकटी घिरट्या घालणारी घार थव्याच्या शिस्तीत बांधलेली नसते. काही शिकारी पक्षी तर ड्रोनवरच झेपावतात.

शिवाय ड्रोन स्वतःच विमानाला धोका ठरू शकतो. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळील गॅटविक विमानतळ ड्रोन दिसल्याच्या वार्तेवरून बंद ठेवावा लागला होता. त्यामुळे पक्षी हाकणारा ड्रोन हवाई वाहतूक नियंत्रकांच्या संमतीनेच उडवावा लागतो. भारतातही ड्रोन नियम, २०२१ अन्वये विमानतळांजवळच्या उड्डाणास परवानगी आवश्यक आहे.

पक्षी विमानतळाकडे येतात ते अन्न, पाणी किंवा निवारा यांसाठी. ते कारण जागेवर असेपर्यंत हुसकावलेला पक्षी परततो. वायुयान नियम, १९३७ मधील ९१ व्या नियमाने विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरांची कत्तल करण्यास व कचरा टाकण्यास मनाई केली, ती याचसाठी. २० मे २०२४ च्या रात्री मुंबईत घाटकोपरवर उतरणीच्या मार्गातील विमानाच्या धडकेने सुमारे ४० रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मरण पावले. विमान सुखरूप उतरले. ही धडक विमानतळाच्या कुंपणापासून दूर, अंधारात झाली. धावपट्टीवर पहारा देणारा ड्रोन तेथे उपयोगी पडला नसता. ठाणे खाडीच्या पाणथळ जागा आणि विमानमार्ग यांचा विचार एकत्रच करावा लागतो.