बांधावरचा करंज आणि कालव्यावरचा ऊस

म्हैसूर शहरातील जयलक्ष्मीपुरम या वस्तीतून मंड्याच्या वाटेला लागावे. श्रीरंगपट्टण मागे पडते आणि कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस दिसू लागतो. बांधांवर मधूनमधून एक डेरेदार झाड आढळते. कानडीत त्याला होंगे म्हणतात. तोच आपला करंज. शेतीतून इंधन काढण्याच्या दोन वाटा या दोन वनस्पतींनी दाखविल्या आहेत.

करंजाची वाट जुनी. रॉकेल येण्यापूर्वी कोकणातील दिव्यांत करंजेल आणि उंडेल जळे. म्हैसूरच्या मुलखात होंगेचे तेल जळे. हे तेल कडू, खाण्यास अयोग्य; म्हणून दिव्याने कोणाच्या ताटातला घास घेतला नाही. पेंड खत होऊन शेतात परत जाई. पुढे रॉकेल आले आणि घाण्यावरचे हे तेल मागे पडले.

उसाची वाट राजमार्गाची. कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ साली सुरू झाले. त्याचे पाणी मंड्यास पोचल्यावर १९३३ मध्ये शेतकी खात्याचे संचालक लेस्ली कोलमन यांच्या पुढाकाराने तेथे साखर कारखाना उभा राहिला. मळीपासून काढलेला मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी १९४८ साली केंद्राने कायदाही केला. तो २००० साली रद्द झाला. परंतु कल्पना मेली नाही. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, २०१८ च्या धोरणाने थेट उसाच्या रसासही मुभा दिली आणि २०२५ मध्ये मिश्रणाचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले.

मात्र २०२३ साली पाऊस कमी झाला. साखर अपुरी पडेल या भीतीने त्या डिसेंबरात रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारला बंधन घालावे लागले. मळी हा साखरेचा उरलेला भाग. रस म्हणजे साक्षात साखर. उरलेल्यातून इंधन काढणे निराळे आणि अन्नाच्या वाट्यातून काढणे निराळे, हा भेद एका अवर्षणाने शिकविला.

करंज मात्र पुन्हा उगवला. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक उडुपी श्रीनिवास यांनी होंगेच्या तेलावर खेड्यांतील डिझेल इंजिने चालवून दाखविली. पुढे हासनजवळ मडेनूर येथे कृषी विद्यापीठाने जैवइंधन उद्यान उभारले. तेथील सूत्र साधे होते : झाड बांधावर लावावे, पिकाची जमीन घेऊ नये.

यानेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. करंज फळास यावयास काही वर्षे लागतात आणि बिया वेचण्याची मजुरी परवडावी लागते. पडीक जमिनीवर जट्रोफा लावून भरघोस तेल मिळेल, ही आशाही फोल ठरली. पाणी आणि कस नसलेल्या भूमीने फारसे दिले नाही. बांधावरच्या झाडाने शहराच्या मोटारी चालणार नाहीत. गावाचा पंप मात्र चालू शकेल. मोठ्या योजनेचा हिशेब मांडताना हा लहान हिशेब आपण पुसून टाकू नये, इतकेच.