नरभक्षक कोण? पाऊलठशांपासून डीएनएपर्यंत

जंगलात माणसाचा बळी गेला की दोन प्रश्न उभे राहतात. हल्ला कोणत्या जातीच्या प्राण्याने केला, आणि त्या जातीतल्या नेमक्या कोणत्या प्राण्याने? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर निरपराध प्राणी मरतो आणि खरा हल्लेखोर गावाभोवती मोकळा राहतो.

जुनी पद्धत

1907 साली जिम कॉर्बेटने चंपावतची वाघीण मारली, तेव्हा ओळखीची साधने म्हणजे पाऊलठसे, रक्ताचा माग आणि गावकऱ्यांची माहिती. पुढेही बराच काळ पाऊलठशांवरच भिस्त होती. परंतु ओली माती, वाळू किंवा उतार यांनुसार एकाच वाघाचा ठसा वेगवेगळा उमटतो. 2006 नंतर देशातील व्याघ्रगणनेत स्वयंचलित कॅमेऱ्यांचा वापर सुरू झाला. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, पण तो परिसरात होता एवढेच छायाचित्र सांगते. हल्ला त्यानेच केला हे सांगत नाही.

डीएनए काय सांगतो?

चाव्याच्या जखमेत आणि कपड्यांवर प्राण्याची लाळ राहते. तिच्यातील मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून जात कळते, लिंग-गुणसूत्रांवरील खुणांवरून नर की मादी हे कळते, तर मायक्रोसॅटेलाइट या पुनरावृत्त तुकड्यांवरून विशिष्ट प्राणी ओळखता येतो. त्यासाठी परिसरातील वाघांची विष्ठा किंवा केस यांचे नमुने तुलनेला लागतात. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात अशा तपासण्या होतात.

मर्यादाही आहेत. ऊन, पाऊस आणि विलंब यांनी डीएनए तुटतो. मृतदेह धुतला तर पुरावाच जातो. शिवाय लाळ नंतर मांस खाणाऱ्या दुसऱ्या प्राण्याचीही असू शकते.

यवतमाळचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा–राळेगाव परिसरात 2016 ते 2018 या काळात 13 मृत्यू टी-1 ऊर्फ अवनी या वाघिणीच्या नावे मांडले गेले. त्याच भागात टी-2 हा नरही होता. प्रत्येक मृत्यूमागे तिच्याच डीएनएचा पुरावा नव्हता, म्हणून वाद न्यायालयात गेला. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठार करण्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. तिच्यामागे दोन बछडे राहिले. बेशुद्ध करण्याचा पुरेसा प्रयत्न झाला होता का, यावरून पुढे चौकशी झाली.

दुसरी बाजू विसरता येत नाही. कापूस वेचायला, गुरे चारायला जाणारी माणसे जीव मुठीत धरून जगत होती. अहवालाची वाट पाहण्याचा प्रत्येक दिवस त्यांच्यासाठी धोक्याचा होता.

निष्कर्ष

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 नुसार वाघ मानवी जीवितास धोकादायक ठरल्यास मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नोंदवून लेखी आदेश देऊ शकतात. मात्र पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतर शक्य नसेल तरच ठार मारता येते. या ‘कारणां’ना आधार देण्याचे काम डीएनए करतो. पण त्याची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही. शवविच्छेदनापूर्वी जखमेवरची लाळ टिपून घेणाऱ्या वनरक्षकाच्या आणि डॉक्टरांच्या हातात ती असते.