धानावर घसरलेली गाडी आणि १९८९ चा एक निकाल

मागच्या एपिसोडच्या फोटोत माझा हात प्लॅस्टरमध्ये दिसला आणि बऱ्याच जणांनी मेसेज केले. तर आजचा एपिसोड त्या हाताचाच. आणि त्या निमित्ताने साधारण पस्तीस वर्षांच्या इतिहासाचा, जो आपल्याला कुणी शाळेत शिकवत नाही.

नोव्हेंबरची गोष्ट. मी आणि माझा मित्र वडसा स्टेशनवर उतरलो, त्याच्या भावाची मोटरसायकल घेतली आणि कुरखेड्याकडे निघालो. त्या दिवसांत धानपट्ट्यातल्या डांबरी रस्त्यांचं काय होतं ते इकडच्या लोकांना सांगायला नको. अर्धा रस्ता वाहनांचा, अर्धा रस्ता वाळत घातलेल्या धानाचा. समोरून एक पिकअप आली, तिचा आरसा आमच्या हँडलला घासला, आमचं चाक धानावर गेलं आणि आम्ही दोघं आडवे. पिकअप थांबली नाही. नंबर कुणी पाहिला नाही.

मित्राला फक्त खरचटलं. माझा गुडघा सोलला, कोपर सोललं आणि उजव्या मनगटावर सगळा भार आला. लगेच चार लोक जमले. एक जण हळद आणतो म्हणाला, दुसरा म्हणाला चुना लावा. ज्यांचं धान होतं ते काकाजी काही न बोलता डबकीभर पाणी घेऊन आले आणि जखम धुवायला लागले. माती पूर्ण निघेपर्यंत. (डॉक्टर लोकांनो, हेच बरोबर ना? वाहतं पाणी आणि साबण, बाकी काही नाही.)

मग त्यांनी मला त्यांच्या गाडीवर बसवलं आणि कुरखेड्यात आणलं. पण दवाखान्याच्या गेटच्या बरंच अलीकडे थांबले. म्हणाले, "इथून पाई जा जी. अना माजा नाव नोको सांगजा."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. खूप वर्षांपूर्वी रस्त्यावर पडलेल्या एका अनोळखी माणसाला त्यांनी असंच दवाखान्यात नेलं होतं. पोचवणाऱ्यालाच आधी धरलं. मध्यरात्रीपर्यंत ठाण्यात बसवलं, पुढे दोन वर्षं तारखा. धान कापणीच्या दिवसांतसुद्धा.

ही भीती एकट्या काकाजींची नाही. तिची नोंद थेट सुप्रीम कोर्टाच्या कागदांत आहे. १९८० च्या दशकात एका स्कूटरवाल्याला भरधाव कारने उडवलं. एकाने त्याला जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ही पोलीस केस आहे, आम्हाला अधिकार नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात न्या. माणूस वाटेतच गेला. ही बातमी पेपरात आली आणि परमानंद कटारा नावाच्या कार्यकर्त्याने ती बातमीच जोडून याचिका केली. २८ ऑगस्ट १९८९ ला निकाल आला: डॉक्टर सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर. कोर्टाने असंही सांगितलं की या निकालाला दूरदर्शन आणि आकाशवाणीवरून प्रसिद्धी द्या. म्हणजे त्या काळचा पॉडकास्टच म्हणा! पण तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं हे नाव? मीही नव्हतं.

१९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये हेच स्पष्ट लिहिलं गेलं की ड्युटीवरच्या डॉक्टरने कागदोपत्री सोपस्कारांची वाट न पाहता उपचार सुरू करायचे. त्याच कलमात वाहनचालकावरही जबाबदारी आहे. जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं, फार तर २४ तासांत. आमच्या पिकअपवाल्याने यातलं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे.

पण डॉक्टर सुटला, चालक बांधला गेला, पोचवणाऱ्याचं काय? तो बिचारा तसाच राहिला. २००७ मध्ये दिल्लीत पियूष तिवारी यांचा सतरा वर्षांचा नात्यातला भाऊ रस्त्यावर पडून राहिला आणि गेला. लोक जात-येत होते. तिवारींनी पुढच्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन सुरू केलं आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले. मे २०१५ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि ३० मार्च २०१६ ला कोर्टाने त्यांना कायद्याचं बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ आलं. आज जखमीला पोचवणाऱ्याने नाव-नंबर सांगायची सक्ती नाही, त्याला थांबवून ठेवता येत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे तो ठरवतो.

म्हणजे काकाजी गेटपर्यंत यायला मोकळे होते. मला तेव्हा हे माहीतच नव्हतं.

आता माझा मूर्खपणा. मी गेटपर्यंत गेलो, बाहेरगावची रांग पाहिली आणि परत फिरलो. एवढ्याशा खरचटण्यासाठी कशाला केस पेपर? मेडिकलमधून पट्टी घेतली, गोळी घेतली, झालं. धनुर्वाताचं इंजेक्शनसुद्धा तीन दिवसांनी घरी आल्यावर. यावर एक वेगळा एपिसोड होईल, पण एवढं ऐका. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये धनुर्वातावरचं सीरम शोधलं, मग लस आली, आणि दुसऱ्या महायुद्धात लस घेतलेल्या अमेरिकन सैन्यात सगळे मिळून १२ रुग्ण. रस्त्यावरची माती, शेण, गंजकं लोखंड, हे सगळं त्या जंतूचं माहेर. शेवटचा डोस पाच वर्षांपूर्वीचा असेल आणि जखम मळलेली असेल तर डॉक्टर पुन्हा देतात. आता टीटीच्या जागी टीडी म्हणतात, घाबरू नका.

बाराव्या दिवशी अंगठा वळेना. एक्स-रे काढला तर मनगटातलं एक छोटं हाड मोडलेलं. हे हाड फसवं आहे, पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही. आणि गंमत बघा, गंमत म्हणजे काय, माझंच नुकसान. कायद्यात मोडलेलं हाड म्हणजे गंभीर दुखापत. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या बाबतीत गंभीर दुखापतीला १ एप्रिल २०२२ पासून ५० हजार रुपये भरपाई आहे, आधी ती साडेबारा हजार होती. अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे जातो. पण सोबत लागतो पोलिसांकडचा कागद आणि दवाखान्यातली नोंद. माझ्याकडे होती मेडिकलची पावती. ४० रुपयांची.

म्हणून सांगतो, लागलं ते किरकोळ आहे की नाही हे रस्त्यावर ठरवू नका. केस पेपर काढा, त्यावर तारीख, वेळ आणि रस्त्याचं नाव लिहून घ्या. गाडीचा आणि जागेचा फोटो काढा, धान दिसेल असा. डोक्याला मार असेल तर दिवसभर एकट्याने राहू नका, उलटी किंवा गुंगी आली तर लगेच १०८. आपल्या राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे, पण जंगलातल्या रस्त्यावर रेंज कुठे असते हे आधी बघून ठेवा, नाहीतर रेंज असलेल्या टेकडीपर्यंत कुणाला तरी पाठवा. एसटीत असाल तर तिकीट फेकू नका. २०१६ पासून त्यात एक रुपया अपघात सहायता निधीचा आहे. आणि भरपाईचा दावा करायचा असेल तर २०२२ पासून पुन्हा सहा महिन्यांची मुदत आहे. १९९४ मध्ये ती काढली होती, आता परत आली.

जानेवारीत प्लॅस्टरसकट काकाजींकडे गेलो. कलम १३४अ फोनवर काढून वाचून दाखवलं. ते नीट ऐकत होते. मग म्हणाले, "हे गेटावरच्या मानसाले मालूम हाय का जी?"

मी म्हटलं, २०२० च्या नियमांत आहे, मदत करणाऱ्याचे हक्क दवाखान्याच्या दारात मराठीत लिहून लावायचे असतात.

"मंग पायतो एक दिवस," ते म्हणाले, आणि धानाच्या पोत्याचं तोंड शिवायला बसले.